गोष्टीचा वेळ कुणाच्या हातात?

माडगूळच्या एका घरातल्या दोन भावांनी १९५५ साली मराठी माणसाला दोन गोष्टी दिल्या. थोरले ग. दि. माडगूळकर यांचं ‘गीतरामायण’ त्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं. आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीतं वर्षभर चालली. धाकटे व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ त्याच साली पुस्तकरूपाने आली. एक रचना कानासाठी, दुसरी डोळ्यासाठी. पुढे १९९५ मध्ये अमोल पालेकरांनी ‘बनगरवाडी’वर चित्रपट केला आणि माणदेशातली ती धनगरांची वस्ती पडद्यावर आली. आता मोबाइलवर पुस्तकं ऐकण्याचे दिवस आहेत. ‘स्टोरीटेल’ २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हा सुरुवातीच्या भाषांत मराठी होती. वाचणं, ऐकणं, पाहणं हे गोष्टीकडे जाण्याचे तीन रस्ते; ते एकाच ठिकाणी पोचतात का, हा प्रश्न सोलापुरात बसून विचारण्यात अर्थ आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेला सांगोल्याकडून माणदेश सुरू होतो. मध्ये पंढरपूर आहे, जिथे गोष्ट शतकानुशतकं कानांनीच घेतली गेली. उत्तरेला करमाळा आहे, जिथून नागराज मंजुळे यांचा सिनेमा आला. आणि शहराच्या पूर्व भागात हजारो बायका रोज अशा कामाला बसतात, ज्यात हात आणि डोळे गुंतलेले असतात, कान तेवढे मोकळे.

पुढच्या संवादातली दोन माणसं कल्पित आहेत. त्यांच्या तोंडची मतं मात्र खरी आहेत आणि दोन्ही बाजूंनी आग्रहाने मांडली जातात. एक आहेत शहरातल्या एका वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल. दुसरी ऑडिओबुकांसाठी वाचन करणारी तरुण निवेदिका. ती त्यांना सर म्हणते, ते तिला एकेरीत हाक मारतात.

ग्रंथपाल : तू चांगलं वाचतेस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ऐकणाऱ्याने ‘मी बनगरवाडी वाचली’ म्हणू नये. त्या कादंबरीत शेकूची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जुवाखाली खांदा देते. माडगूळकर तिथे आवाज चढवत नाहीत, विशेषणांची रास घालत नाहीत. जे घडलं ते सांगतात आणि पुढे जातात. लेखक थांबत नाही, म्हणून वाचणाऱ्याला थांबावं लागतं. नजर पुढच्या ओळीवर गेलेली असते, ती परत मागे येते. आपण नीट वाचलं ना, बाईच जुंपली आहे ना, हे पुन्हा पाहावं लागतं. वाचताना डोळ्यांच्या हालचाली मोजणाऱ्या संशोधकांना काय आढळलं ठाऊक आहे? सराईत वाचकाचे डोळेसुद्धा ओळीवरून सरळ पुढे सरकत नाहीत. ते उड्या घेत जातात, आणि त्यातल्या दहा-पंधरा टक्के उड्या मागे असतात. हे मागे वळणं म्हणजे वाचनातला दोष नव्हे, तिथेच माणूस विचार करतो. तुझ्या आवाजात ते वाक्य आलं आणि गेलं. ऐकणारा सावध होईपर्यंत तू पुढच्या परिच्छेदावर असतेस.

निवेदिका : सर, तुम्ही वाचनाला मूळ धरता आणि ऐकण्याला त्याची नक्कल. आपल्याकडे हा क्रम उलटा आहे. सांगोल्याजवळच्या नाझऱ्याचे श्रीधर. ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’, ‘शिवलीलामृत’ हे त्यांचे ग्रंथ अडीच-तीनशे वर्षं महाराष्ट्राच्या घराघरांत गेले, ते काय प्रत्येकाने हातात पोथी धरून वाचले म्हणून? देवळात नाहीतर वाड्याच्या ओसरीवर एक जण वाचायचा आणि वीस-पंचवीस जण ऐकायचे. त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, तरी त्यांना अभिमन्यू ठाऊक होता, द्रौपदी ठाऊक होती, आणि तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. त्यांना गोष्ट कळलीच नाही, असं म्हणायची तुमची तयारी आहे का? आणि संशोधन म्हणाल तर तेही ऐका. अमेरिकेत २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एकाच पुस्तकातले भाग काही प्रौढांनी स्क्रीनवर वाचले, काहींनी ऐकले, काहींनी दोन्ही एकदम केलं. लगेच परीक्षा घेतली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा घेतली. तिन्ही गटांत लक्षात घेण्याजोगा फरक निघाला नाही.

दोघांनीही हातचा पुरावा मांडला आहे आणि दोन्हींत वजन आहे. पण तिच्या प्रयोगाशेजारी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग ठेवायला हवा. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी काहींना अभ्यासाचा एक मजकूर वाचायला दिला, काहींना तोच ध्वनिमुद्रित करून ऐकायला दिला. ऐकणाऱ्यांचे गुण स्पष्टपणे कमी आले. हे निकाल एकमेकांना खोडतात असं वरवर वाटतं. मजकुराकडे पाहिलं की ते जुळतात. पहिल्या प्रयोगातलं पुस्तक ही दुसऱ्या महायुद्धात विमान कोसळून समुद्रात सापडलेल्या एका धावपटूची कहाणी होती. एकामागून एक घडत जाणारी, पुढे काय झालं या ओढीवर चालणारी. दुसऱ्यात होता मुद्द्यांवर मुद्दे रचलेला अभ्यासाचा मजकूर, जिथे चौथा मुद्दा कळायला पहिल्याकडे परतावं लागतं. म्हणजे कान दुबळा नाही. मजकूर परतायला लावणारा असेल आणि परतायची सोय नसेल, तर ऐकणारा मागे पडतो. तोच मजकूर पुढे नेणारा असेल तर ऐकणारा आणि वाचणारा बरोबरीने चालतात.

इथे एका रूढ समजुतीला हात घालणं भाग आहे. पुस्तक श्रेष्ठ, कारण त्यात चित्र आपण रंगवतो. सिनेमात ते आयतं मिळतं, असं शाळेच्या निबंधापासून सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण त्याने आपला प्रश्न सुटत नाही. ऑडिओबुकातही चित्र आपणच रंगवतो. बनगरवाडीची माळरानं, वस्तीचा प्रमुख असलेल्या कारभाऱ्याचा चेहरा, मेंढरांची धूळ यांतलं काहीही निवेदिका दाखवत नाही. चित्राचं स्वातंत्र्य हाच खरा फरक असता, तर वाचलेली आणि ऐकलेली कादंबरी सारखीच लागली असती. तशी ती लागत नाही, हे दोन्ही करून पाहिलेला कुणीही सांगेल. तेव्हा फरकाचं मूळ दुसरीकडे शोधायला हवं, आणि माझ्या मते ते वेळेत आहे. गोष्ट किती वेगाने पुढे जाणार, कुठे थांबणार, कुठे परतणार, हे ठरवण्याचा अधिकार पुस्तकात वाचकाकडे असतो. ऐकताना तो आवाजाकडे जातो आणि सिनेमात दिग्दर्शकाकडे. बाकीचे फरक, म्हणजे चित्राचे, आवाजाचे, चेहऱ्याचे, या एका फरकाच्या पोटातून निघतात किंवा त्याच्या आधाराने उभे राहतात. हा अधिकार सोडून देणं म्हणजे दर वेळी काही गमावणंच असतं, असं मात्र नाही. काही गोष्टी वाचकाने वेळेवरचा ताबा सोडल्याशिवाय त्याला भेटतच नाहीत.

श्रीधरांच्या ग्रंथांकडे या नजरेने पाहिलं तर निवेदिकेचं म्हणणं पटतं, पण तिला वाटतं तेवढं सरळ नाही. ओवीला ठरलेली चाल असते आणि यमकावर ऐकणाऱ्याला क्षणभर टेकायला जागा मिळते. पोथीत एकच प्रसंग दोन-तीन अंगांनी येतो, उपमांमागून उपमा येतात, अध्यायाच्या तोंडाशी मागच्या कथेची आठवण दिली जाते. छापील पानावर हा पाल्हाळ वाटतो. कानासाठी तीच परतण्याची सोय आहे: ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही हे जाणून कवीच मागचं पुन्हा पुढे आणून ठेवतो. शिवाय वाचणारा समोर बसलेला असे. एखादा शब्द अडला तर तो थांबून अर्थ सांगे, कुणी शंका काढली तर आख्यान लावी. वेळ त्याच्या हाती होता खरा, पण तो ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहून वापरला जात होता. ‘बनगरवाडी’ची घडण याच्या नेमकी उलट आहे. तिथे वाक्यं आखूड, पुनरुक्ती जवळजवळ नाही, आणि जे महत्त्वाचं ते सर्वांत कमी शब्दांत. ही कादंबरी छापील पानावर, एकट्या वाचकाच्या थांबण्यावर विसंबून लिहिलेली आहे. ग्रंथपाल जे बोलले ते या प्रकारच्या गद्याला तंतोतंत लागू पडतं, श्रीधरांना नाही.

निवेदिका : मग थांबायचं बटण कशाला दिलंय, सर? ऐकणारा हवं तिथे थांबवू शकतो, तीस सेकंद मागे जाऊ शकतो. ओसरीवरच्या श्रोत्याला जे जमत नव्हतं ते आजच्याला जमतं की. तुमचं मागे वळणं मोबाइलने त्याच्या हातात दिलंय.

ग्रंथपाल : दिलंय, पण वापरतं कोण? पानावर मागे जायला डोळ्याला परवानगी लागत नाही. आपण मागे गेलो हे आपल्याला कळतसुद्धा नाही. बटण दाबायला आधी ठरवावं लागतं की मला कळलं नाही. शेकूच्या बायकोपाशी अडचण न कळण्याची नसते. कळलेलं असतं, पण आत उतरायला वेळ हवा असतो. त्यासाठी बटण कुणी दाबत नाही. दाबतात ते उलट्या कामासाठी, वेग दीडपट करायला. तू श्वास घेऊन, तोलून एक विराम ठेवतेस आणि ऐकणारा तो दीडपटीने चेंगरून टाकतो. त्याचं तुला काहीच वाटत नाही?

निवेदिका : वाटतं की. पण पानंच्या पानं गाळून शेवट आधी पाहणारे वाचक तुम्ही आयुष्यभर पाहिलेत. त्यांच्यामुळे पुस्तक कमी ठरलं नाही. तसं त्यांच्यामुळे ऐकणंही ठरत नाही. आणि आवाज काय देतो ते तुम्ही हिशेबात धरतच नाही. कारभाऱ्याचं बोलणं नागपूरचा वाचक मनात आपल्या हेलाने वाचतो. त्याला माणदेशी माणूस वाक्याच्या शेवटी कुठे आवाज टाकतो, वस्तीवर आलेल्या शिक्षकाला ‘काय मास्तर’ म्हणताना त्यात किती मान आणि किती परीक्षा असते, हे अक्षरांतून कळत नाही. आटपाडी-सांगोल्याकडचा कान असलेल्या माणसाने ते वाचलं तर कळतं. छापील पानाने बोलीतला जेवढा भाग वाटेत सांडला, तेवढा आवाज परत आणतो.

या मुद्द्यावर मी निवेदिकेच्या बाजूचा आहे. मराठी ग्रामीण साहित्य ज्या लिपीत छापलं जातं, ती लिपी बोलीचा हेल टिपत नाही, आणि शहरी वाचकाच्या मनात ही पात्रं बऱ्याचदा प्रमाण मराठीच्या चालीवर बोलत राहतात. चांगलं वाचन ही एक प्रकारची टीका असते: कुठे थांबायचं, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा, हे ठरवताना वाचणाऱ्याने गोष्टीचा अर्थ लावलेला असतो. ऐकणाऱ्याला तो अर्थ आयता मिळतो. कधी तो आपल्यापेक्षा सखोल असतो, कधी उथळ. पण नाकारायला त्याच्याकडे फारशी जागा नसते. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या काही दिवसांत लिहून काढली, ती प्रकरणांना ‘रात्र’ म्हणत, आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री गोष्ट सांगतो अशा बांधणीत. लिहिणाऱ्यालाच ती ऐकवायची होती. असं पुस्तक आवाजात गेलं तर ते आपल्या जागी परततं. पुढे पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात हरिजनांना प्रवेश मिळावा म्हणून याच गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केलं. ज्या समूहासमोर त्यांना आपलं म्हणणं नेऊन ठेवायचं होतं, तो वाचणारा नव्हे, ऐकणारा होता, हेही विसरता येत नाही.

सिनेमाचा विषय निघाला की ग्रंथपालांचा सूर कडक होतो.

ग्रंथपाल : आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ १९५३ चा. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं, आणि ते योग्यच होतं. पण त्याआधी प्रत्येक वाचकाची श्यामची आई वेगळी होती, त्यानंतर ती वनमालाबाईंची झाली. आपल्या गावच्या डॉ. कोटणीसांचं पाहा. सोलापुरात १९१० साली जन्मलेला माणूस, १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेला, तिथल्या जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ च्या डिसेंबरात गेला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्याच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि त्यावरून शांतारामबापूंनी १९४६ मध्ये चित्रपट केला. कोटणीस झाले स्वतः शांताराम. गुओ छिंगलान ही त्यांची चिनी पत्नी झाल्या जयश्रीबाई. आता डॉक्टरांचा खरा फोटो समोर ठेवला तरी लोकांच्या मनात पडद्यावरचा चेहरा आधी येतो. सिनेमा गोष्ट देतो आणि तिच्या जागी दुसरं काही कल्पायची वाट बंद करून जातो.

निवेदिका : तो सिनेमा नसता तर इथल्या गिरणीतल्या कामगाराला कोटणीस कोण हे कळलं असतं का, सर? अब्बाससाहेबांचं पुस्तक इंग्रजीत होतं. १९५१ च्या जनगणनेत देशातलं साक्षरतेचं प्रमाण अठरा टक्क्यांच्या आसपास आहे. शंभरातले ब्याऐंशी दाराबाहेर उभे आणि आपण आत बसून म्हणायचं की पुस्तकच श्रेष्ठ!

हे उत्तर बिनतोड आहे, निदान इतिहासापुरतं. गोष्ट कुणापर्यंत पोचते हा गोष्टीबाहेरचा मुद्दा म्हणून बाजूला टाकता येत नाही. न पोचलेल्या गोष्टीचा अनुभव कसा असतो याची चर्चा पोकळ आहे. तरी चेहरा हिरावण्याची ग्रंथपालांची तक्रार खरी आहे. ती सिनेमाच्या दुय्यम अंगाबद्दल आहे, एवढंच. पुस्तकावरून केलेल्या सिनेमाकडे आपण नेहमी पुस्तकाच्या दारातून जातो, म्हणून काय गेलं ते आधी दिसतं. सिनेमा म्हणूनच जन्मलेली गोष्ट घेतली तर त्याचं बळ कळतं. जेऊरच्या नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’त (२०१३) शाळकरी जब्याचं कुटुंब गावासमोर डुक्कर पकडायला धावतं आहे. डुक्कर आवाक्यात येतं आणि तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी सावधान उभे राहतात. डुक्कर निसटतं. कादंबरीत हे एका वाक्यात मावेल आणि वाचक ते एका श्वासात ओलांडून जाईल. ज्याला थांबायचं तो थांबेल, पण किती थांबायचं ते त्याच्या मर्जीवर. पडद्यासमोर ती मर्जी चालत नाही. राष्ट्रगीताला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ त्या माणसांना ताठ उभं पाहावं लागतं. त्यांच्यावर लादलेला वेळ आपल्यावरही लादला जातो. प्रतिष्ठेचं गीत आणि अप्रतिष्ठेचं काम एकाच क्षणात, एकाच चौकटीत, आणि आपल्याला पान उलटता येत नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ प्रेक्षकाच्या अंगावर येतो, तेव्हा बाजूला व्हायलाही वेळ नसतो. हा अनुभव देणारं वाक्य मराठीत कुणी लिहू शकेल असं मला वाटत नाही. लेखक कमी पडतो म्हणून नाही. वाक्याचा वेळ वाचकाच्या हाती असतो आणि इथे तो काढून घेणं हीच कला आहे, म्हणून.

यावरून एक गोष्ट उलगडते, जिच्याकडे दोन्ही पक्षांचं दुर्लक्ष होतं. मोबाइलवर सिनेमा पाहणारा माणूस कंटाळा आला की दहा सेकंद पुढे सरकतो. त्याने वेळेचा ताबा परत मिळवला, आणि नेमकं जे सिनेमाकडून घ्यायचं होतं ते घालवलं. राष्ट्रगीताचं ते दृश्य पुढे सरकवून पाहणाऱ्याला डुक्कर निसटलं एवढीच माहिती मिळते. गीतरामायणाचंही तसंच आहे. १९५५ मध्ये पुढचं गीत ऐकायला आठवडाभर थांबावं लागे, आणि त्या सात दिवसांत मागचं गीत लोकांच्या तोंडात, स्वयंपाकघरात, शेतात घोळत राही. हे थांबणं आकाशवाणीच्या वेळापत्रकाने दिलं होतं, गीतकाराने नाही. तरी त्या अनुभवाचा तो भाग होता. आज छप्पन्न गीतं एका बैठकीत ऐकता येतात. रचना तीच, संगीत तेच, पण १९५५ चा श्रोता जे घेऊन उठला ते या बैठकीत हाती लागत नाही.

मग सगळं सोडून पुस्तकाचाच आग्रह का धरायचा, असं विचारलं तर माझं उत्तर असं: तिन्हींत पुस्तक हे एकच माध्यम असं आहे, जे माणसाला स्वतःचा वेळ स्वतः चालवायला शिकवतं. हे शिकलेला माणूस नंतर आवाजाच्या हाती वेळ सोपवतो तेव्हा जाणून सोपवतो. न शिकलेल्याला सोपवण्याशिवाय वाटच नसते. म्हणून मुलाच्या हाती पान आधी हवं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड छापले. मोबाइल धरला की कविता ऐकू येते, पाठाची चित्रफीत दिसते. घरी कानडी बोलणाऱ्या मुलींसाठी त्यांनी पाठ कानडीत नेले. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तो या कामासाठी. त्यात मला मोलाचं वाटतं ते हे, की आवाज आणि चित्र दोन्ही पानावर उगवतात आणि मूल पुन्हा पानावरच परततं. अशीच कल्पना यापुढे मोठ्यांसाठी का राबवू नये?

आता सुरुवातीला उल्लेख आलेल्या, हात आणि डोळे गुंतलेल्या त्या बायकांकडे, म्हणजे विडी वळणाऱ्यांकडे येऊ, कारण या वादाचा सोलापुरातला कस तिथे लागतो. पूर्व भागातल्या पद्मशाली वस्त्यांत आणि कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीसारख्या ठिकाणी घरोघर विड्या वळल्या जातात. पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा; मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. डोळा आणि बोटं क्षणभर सुटत नाहीत. यंत्रमागाच्या शेडमध्ये नेमकं उलट असतं: तिथे खटखटाटाने कान भरलेले, ऐकायचा प्रश्नच येत नाही. कुठली गोष्ट माणसापर्यंत जाऊ शकते हे पुष्कळदा त्याच्या आवडीने ठरत नाही. कामाने त्याचं कुठलं इंद्रिय मोकळं ठेवलं आहे, त्यावर ठरतं. हवानात सिगार वळणाऱ्या कामगारांनी १८६५ पासून यावर उपाय काढला. उंच जागी एक वाचक बसे, वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचे. त्याचं वेतन कामगार स्वतःच्या मजुरीतून देत आणि कुठलं पुस्तक वाचायचं तेही तेच ठरवत. अलेक्झांडर द्यूमाच्या एका कादंबरीवरून एका सिगारला ‘मॉन्टे क्रिस्टो’ नाव पडलं ते या ऐकण्यातून, असं सांगतात. केरळात कण्णूरच्या विडी कामगारांतही मोठ्याने वर्तमानपत्र वाचण्याची प्रथा होती आणि तिथल्या कामगार चळवळीचं बरंच शिक्षण त्या वाचनातून झालं.

ग्रंथपाल : हे मला माहीत आहे, आणि इथे मी हट्ट धरत नाही. त्या बायकांना दिवसभराच्या कामानंतर पुस्तक घेऊन बसा म्हणणं अन्यायाचं आहे. पण मग निदान हवानासारखं करा. एकीने वाचावं, दहा जणींनी ऐकावं, ऐकता ऐकता बोलावं. कानात बोंडं घालून एकटीने ऐकण्यात ओसरी कुठे राहिली?

निवेदिका : ओसरीला सगळ्या एका जागी जमायला हव्यात की सर. आपल्याकडच्या बायका कारखान्यात एकत्र बसत नाहीत. पान-तंबाखू घरी आणतात, घरी वळतात, मोजून देऊन येतात. मधे चूल आहे, पोरं आहेत, पाण्याची वेळ आहे. तिच्यासाठी वाचक ठेवायचा तर तो मोबाइलमध्येच ठेवावा लागेल. आणि कानात बोंडं कशाला? फोन चौकटीत ठेवला तर सासू ऐकते, शेजारीण ऐकते, अभ्यास करणारी पोरगीही ऐकते.

ग्रंथपाल : बरं, मग ऐकवणार काय? तू ‘बनगरवाडी’ म्हणशील. तिच्या हाताला पान आणि तंबाखू. शेकूच्या बायकोपाशी तिला तुझं ते बटण दाबता येणार नाही. मी म्हणतो ती सोय सगळ्यात जास्त जिला हवी, तिलाच ती नाही. त्यापेक्षा श्रीधर लाव. तो ऐकणाऱ्यासाठीच लिहिलेला आहे, अध्यायाअध्यायाने सुटतो, मधे उठून गेलं तरी धागा तुटत नाही.

निवेदिका : म्हणजे कष्टकरी बाईने पोथी ऐकायची आणि कादंबरी आपण वाचायची? नाही सर, हे मला पटत नाही. जुवाखाली खांदा देणाऱ्या बाईची गोष्ट त्या वस्तीत जेवढी कळेल तेवढी वाचनालयात कळणार नाही. तिला थांबता येत नसेल तर थांबणं मी माझ्या वाचनात ठेवीन, आणि दीडपटीची सोय त्या मुद्रणातून काढून टाका म्हणून भांडेन. प्रकरणं वीस-वीस मिनिटांची करीन. माझी अडचण वेगळीच आहे. त्यातल्या कितीतरी जणींची घरची भाषा तेलुगू. मराठी कळतं, पण बाजारातलं. माडगूळकरांचं माणदेशी कितपत कळेल?

ग्रंथपाल : तेलुगूत केलंस तर तू जो हेल परत आणला म्हणतेस, तो गेला.

निवेदिका : आणि मराठीतच ठेवलं तर ऐकणारी गेली. म्हणून आधी दोन प्रकरणं करू या, एक मराठीत, एक तेलुगूत. निवड त्यांच्यावर सोपवू, हवानासारखी.

ग्रंथपाल : निवड त्यांचीच असायला हवी, हे कबूल. पण मराठीतलं प्रकरण आधी ऐकवायचं.

निवेदिका : का?

ग्रंथपाल : तेलुगू आधी ऐकवलंस तर मराठीकडे कुणी वळणार नाही, म्हणून.

निवेदिका : तसं झालं तर तेच त्यांचं उत्तर समजायचं, सर.